उसनी आत्या

वसमत रोडवरच्या रसवंतीत उसाच्या रसाचा पेला ओठाला लागलेला असताना एका अनोळखी माणसानं विजयमालाबाईंना आत्या व्हाल का म्हणून विचारलं, आणि तो घोट भलत्याच वाटेनं गेला. ठसका आवरेपर्यंत रसवंतीवाल्यानं चरक थांबवून पाण्याचा जग पुढं केला, समोरचा माणूस 'सावकाश, सावकाश' म्हणत उगाच स्वतःच्याच छातीवरून हात फिरवत राहिला. माणूस छत्तिशीतला होता, पोट सुटू पाहणारा, डोक्यावरचं हेल्मेट काढायचं विसरलेला. आधी त्यानं विचारलं होतं ते वेगळंच. "तुमी पेडगावच्या नर्सबाई ना?" हा प्रश्न विजयमालाबाईंच्या अंगवळणी पडलेला होता. परभणीच्या बाजारात, यष्टीत, लग्नात, कुठंही तो यायचा. विचारणारे दोन प्रकारचे असत. ज्यांची बाळंतपणं बाईंनी केली ते हसत हसत विचारत, आणि ज्यांची ऑपरेशनं बाईंनी करवली ते जरा बाजूला घेऊन विचारत. हा हसत होता, म्हणून बाईंनी निर्धास्तपणे 'हो' म्हणून टाकलं होतं.

"मी शिवप्रसाद. सूर्यभान अन् वच्छलाबाईचा. आता इथंच विद्यापीठात शिकवतो," तो म्हणाला. "मुलगी झालीय मला. रविवारी बारसं ठेवलंय. पण आत्याच न्हाई हो. मी एकटा. चुलत्याला दोन्ही पोरंच. आमची पंकजा म्हणाली, माझ्या मैत्रिणीला उभं करू. तर आई ऐकायलाच तयार न्हाई. म्हणते, आत्या म्हणून पेडगावच्या नर्सबाईलाच आन. मागच्या महिन्यात तुम्हाला बँकेत बघितलं म्हणे तिनं. मुलगी झाली तशी माझ्या मागं लागलीय. रोज संध्याकाळी इचारते, घावल्या का?"

वच्छलाबाई. रसातलं आलं घशात अजून चुरचुरत होतं. विजयमालाबाईंनी पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. नाही म्हणण्यासारखी तीन-चार कारणं त्यांच्याकडं तयार होती. गुडघे, रविवारची एकादशी, मानवतला भावाकडं जायचं आहे. पण रविवारी एकादशी नव्हती आणि भाऊ तर देवदर्शनाला गेलेला. "येते," असं त्या म्हणाल्या तेव्हा आपला आवाज त्यांना दुसऱ्याच कुणाचा वाटला. शिवप्रसादनं तिथल्या तिथं वाकून पाया पडायचा बेत केला, आणि हेल्मेट त्यांच्या गुडघ्यावर आपटलं.

मार्च लागला की विजयमालाबाई अजूनही कॅलेंडरातले दिवस मोजायच्या. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी ऊन तापायला लागलं आणि रस्त्याकडंला चरक फिरायला लागले की जीव उगाच कासावीस व्हायचा, हातातून काहीतरी राहून गेल्यासारखा. कारण मार्च म्हणजे आकडा. एकतीस तारखेच्या आत कुटुंबनियोजनाच्या चाळीस केसेस झाल्या पाहिजेत, आणि केस म्हणजे एक जितीजागती बाई, जिला समजावून, तिच्या सासूला समजावून, नवऱ्याला चहा पाजून शिबिराच्या गाडीत बसवायची, टाके घालून झाले की पंधरा दिवस हंडा उचलू नको असं बजावून घरी पोचवायची. तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. सायकल चालवायच्या, खांद्यावर पिशवी, पिशवीत गोळ्या आणि घडीची पत्रकं. पत्रकावर गोबऱ्या गालांचं एक जोडपं आणि त्यांची गोबऱ्या गालांची दोन मुलं असत. पेडगावातल्या बाया त्या चित्राकडं बघून पदरात तोंड लपवून हसत. एवढी गुटगुटीत माणसं त्यांनी फक्त लग्नाच्या बँडच्या गाडीवरल्या चित्रात पाहिलेली. "बाई, हे दोन लेकरांमुळं जाड झालेत का आधीपसूनच हाईत?" असं एकीनं विचारलंही होतं. त्यावर काय उत्तर द्यायचं ते प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

ब्याण्णव सालच्या मार्चात एकोणचाळीस झाल्या आणि चाळिसावी काही केल्या मिळेना. बदलीची टांगती तलवार होती, साहेबांचे निरोप होते. आणि एका सकाळी वच्छला स्वतःहून उपकेंद्राच्या पायरीवर येऊन बसली. त्या साली कारखाना लवकर बंद झाला होता, ऊसतोडीची माणसं गावात परतली होती. तिच्या काखेत तीन वर्षांचा शिवा होता आणि बोटाला धरलेली सहा-सात वर्षांची एक पोरगी. 'माझं ऑपरेशन करा,' एवढंच ती म्हणाली. डॉक्टरांचा नेम कडक होता, दोन लेकरांशिवाय बाईला टेबलावर घ्यायचं नाही. विजयमालाबाईंनी नोंदवही उघडली. सूर्यभानचं पान समोर होतं, त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं: मुलगा एक. त्यांनी त्या पोरीकडं बघितलं. पोरगी बिस्किटाचा पुडा छातीशी धरून उभी होती, आणि सगळा जीव त्या पुड्यात. ही शेजारच्या महारुद्रची. गावातलं एकेक लेकरू त्यांना माहीत होतं, निम्म्यांना तर त्यांनीच पहिल्यांदा हातात घेतलेलं. त्यांनी पोरीकडं बघितलं, वच्छलाकडं बघितलं, आणि वहीत एकाचे दोन केले. मुलगा एक, मुलगी एक. नाव, वय, सगळे रकाने भरले. मुलीच्या नावाच्या रकान्यात काय लिहिलं ते मात्र आज डोकं खाजवूनही आठवत नव्हतं.

एवढीच गोष्ट. शाईचा एक फराटा. जूनमध्ये बदली झाली, पेडगाव सुटलं, आणि दोनेक वर्षांनी कुणीतरी यष्टीत बोलता बोलता म्हणालं, ती सूर्यभानची वच्छला लय रडली म्हणे ऑपरेशनचं. तेवढं एक वाक्य विजयमालाबाईंच्या मनात काटा मोडून राहावा तसं राहिलं. आपण तिला नीट सांगितलं होतं का? सांगितलं होतं, पण चाळिसाव्या केसला सांगावं तसं, घाईघाईनं. हे कायमचं असतं, मागं फिरता येत नाही, हे शब्द आपण उच्चारले होते का, का नुसतेच उच्चारल्यासारखे वाटतात? पुढं शेकडो बाया आल्या-गेल्या, बक्षीस मिळालं, साहेबांनी भाषणात नाव घेतलं. पण त्या पानावरचा दोनाचा आकडा नजरेसमोरून गेला नाही. आणि आता त्या दोनातली जी कधी जन्मलीच नाही, ती असती तर रविवारी बारशाला काठापदराचं लुगडं नेसून मिरवत आली असती, आणि रसवंतीत कुणाला हेल्मेट घालून आत्या शोधत फिरावं लागलं नसतं. वच्छलाबाई उगाच बोलवत नाही. चारचौघांत, पाळण्यापुढं उभं करून विचारणार ती, बाई, माझी पोरगी कुठाय?

घरी आल्यावर त्यांनी बन्सीधररावांना बारशाचं तेवढं सांगितलं. बन्सीधरराव पेपरातलं कोडं सोडवत होते. "चांगलंय की," ते वर न बघता म्हणाले. "आयुष्यभर पाळणे बंद केलेस, आता एक हलवून ये." नवऱ्याच्या अशा बोलण्याला चाळीस वर्षांत त्यांनी कधी उत्तर दिलं नव्हतं, कारण उत्तर दिलं की त्याला आणखी सुचायचं.

खरं तर आत्यापण हे विजयमालाबाईंचं हक्काचं काम. तीन भावांची मिळून अकरा लेकरं, अकराही जणांच्या कानात नाव त्यांनीच सांगितलेलं. पाळण्यात वाकायचं, बाळाच्या कानाशी तोंड न्यायचं, कुर्र म्हणायचं, आणि त्याच वेळी मागून पाठीवर बुक्क्यांचा पाऊस. पोरंटोरं, भावजया, शेजारणी, ज्यांना ज्यांना आत्याचा राग असेल ते सगळे त्या दिवशी हात धुऊन घेत. सर्वांत धाकट्या भावाच्या, सितारामच्या, पोराच्या वेळी तर पाठ दोन दिवस ठणकत होती. तेव्हा त्यांना राग आला होता, आता त्या आठवणीनं पाठीला गुदगुल्या झाल्या. त्याला वीस-बावीस वर्षं झाली. पुढच्या पिढीत बारशी झाली, पण आत्या म्हणून दुसऱ्या मुली उभ्या राहिल्या, आणि मग हळूहळू कुणी उभंच राहीना. एकाला बहीणच नाही, दुसऱ्याची दुबईत, तिसऱ्याची परीक्षा. भक्ती, त्यांची स्वतःची एकुलती लेक, ती तर कुणाची आत्या होणारच नव्हती. हे त्यांना आज, या वयात, भाकरी थापता थापता कळलं, आणि परातीतला हात थबकला. भक्तीला भाऊ नाही. म्हणजे भक्तीच्या पाठीवर कधी कुणी बुक्की मारणार नाही.

हा भाऊ आपणच होऊ दिला नाही. पण त्यावेळी किती ताठ मानेनं! गावोगाव छाती पुढं काढून सांगायच्या, मी स्वतः एका मुलीवर थांबलेय. सासूनं सहा महिने अबोला धरला होता. त्याचंही त्यांना दुःख नव्हतं, कारण मानवतचं घर त्यांनी बघितलेलं होतं. आई, कमलबाई, नऊ बाळंतपणं, सात जगली. थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा आईचंही पोट पुढं, एकाच खोलीत दोन बाजा, आणि मायलेकी एकमेकींकडं पाठ करून झोपायच्या. मामा भाच्यापेक्षा पंधरा दिवसांनी लहान. तो मामा म्हणजे सिताराम. दहा वर्षांच्या विजयमालाच्या डाव्या कमरेवर तो दोन वर्षं राहायला होता. ती त्याला घेऊनच शाळेत जायची, गुरुजी दाराशी बसायला सांगायचे, आणि पाढे म्हणता म्हणता सिताराम पाटी ओली करायचा. शाळा सुटली नाही ती गुरुजींच्या मेहेरबानीनं, नाहीतर थोरलीसारखीच सुटली असती. आजही त्यांची डावी कमर किंचित खाली झुकलेली होती, ब्लाऊज शिवणाऱ्या बाईनं एकदा तसं सांगितलंही होतं. गर्दीत कुठं रिकाम्या उभ्या राहिल्या की ती कमर आपोआप बाजूला सरायची, बसणाऱ्याची वाट बघत.

आणि तरी ते घर! सात ताटं, सात जणांची एका ओळीत अंथरुणं, थंडीत कुणाचे पाय कुणाच्या पोटावर, कुणाच्या वाट्याचा गूळ कुणाच्या खिशात. भांडायला कधी बाहेर जावं लागलं नाही. त्या गर्दीची ऊब खरी होती आणि आईची वाकलेली पाठही खरी होती. विजयमालाबाईंना दोन्ही एकदम आठवायचं आणि दोन्हींतलं एक निवडायला कुणी सांगितलं तर त्या भांबावून जायच्या. आई म्हणायची, तुमच्यातलं एकबी लेकरू जास्तीचं नव्हतं, पन मीच कमी पडले. हे वाक्य त्यांनी एकाही पत्रकात छापलेलं बघितलं नाही.

संध्याकाळी पुण्याहून भक्तीचा फोन आला. रोजचाच, गाडीत सिग्नलला थांबल्यावरचा. भक्ती पस्तिशीत, मोठ्या कंपनीत, नवरा भला, घर स्वतःचं, दोघांनी मिळून वाढवलेली तेरा झाडं. विजयमालाबाईंनी बारशाचं सांगितलं आणि शेवटी, बोलायचं नव्हतं तरी, जीभ घसरलीच. "तुमचं काय ठरलं?"

"आई," भक्ती हसली, "तू अख्ख्या तालुक्याला थांबा म्हणून सांगत फिरलीस. आणि आता माझ्याच दारात चला चला म्हणून पत्रक वाटायलीस!"

"मी काही म्हणाले का?"

"नाही ना. नुसतं श्वास घेतलास. मला कळतो तो." मग सिग्नल सुटला असावा, मागून हॉर्न वाजले. "विचार चाललाय आमचा. खरंच चाललाय. पण तूच शिकवलंस की, लेकरू हे आपल्याला हवं तेव्हा. लोकांना हवं तेव्हा नाही."

हे तर त्यांचंच वाक्य होतं. पेडगावच्या मारुतीच्या पारावर, पंचवीस बायांपुढं, तीस वर्षांपूर्वी म्हटलेलं. आपलंच वाक्य पुण्याला जाऊन, शिकून, पगारदार होऊन परत आलेलं बघून त्यांना हसूही आलं आणि अभिमानही वाटला, आणि त्याच्या खाली कुठंतरी डावी कमर रिकामी वाटली.

रविवारपर्यंतचे तीन दिवस त्या मनातल्या मनात साक्ष देत होत्या. मीच एकटी कारण नव्हते, वच्छलाबाई. आकड्याची सक्ती पुढं सरकारनं उठवली तेव्हा साहेबांना वाटलं, आता एक बाई येणार नाही. आल्या. आपापल्या पायांनी आल्या. यष्टीचा पास काढून हायस्कूलला जाणाऱ्या पोरी होत्या ना, ज्या बारावीपर्यंत टिकल्या, त्यांची लग्नंच पाच वर्षं उशिरा झाली. पहिल्या बाळंतपणाला त्या आल्या तेव्हा मी वही उघडायच्या आत त्यांचेच प्रश्न सुरू व्हायचे. पत्रकातल्या गोबऱ्या गालांना विचारतो कोण? घरात नळ आला, सोयाबीनचा पैसा आला, मोटारसायकल आली, पोरांना इंग्रजी शाळेची गाडी न्यायला यायला लागली, आणि दारात लावलेल्या मोटारसायकलवर चारच जण मावतात हे कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही. मी नसते तरी झालंच असतं. पण हे सगळं मनात म्हणून झाल्यावर, वकील निघून जावा आणि आरोपी एकटा राहावा तसं, तिथं ते पान उघडंच राहायचं. झालं असतं ते इतरांचं. वच्छलाबाईंच्या एकाचे दोन मात्र तुझ्याच हातानं झाले.

रविवारी त्यांनी कपाटातलं जांभळं इरकल काढलं. आत्यानं नेतात ते सगळं घेतलं, अंगडं, टोपडं, कुंची, चांदीचे वाळे. बन्सीधररावांनी रिक्षापर्यंत पिशवी आणून दिली आणि जाताना कोड्यातला तीन अक्षरी शब्द विचारला, तो त्यांना ऐकूच आला नाही. शिवप्रसादचं घर नव्या वसाहतीत होतं, दारात तुळस आणि दोन चारचाकी. आत तीसेक माणसं. विजयमालाबाईंची नजर सवयीनं आधी मुलं मोजत गेली: दोन. दोन्ही सोफ्यात रुतून एकाच मोबाइलवर वाकलेली. पंकजा, बाळाची आई, पुढं आली. कॉलेजात गणित शिकवणारी, चष्मा लावलेली, बाळंतपणानं जरा थकलेली पण हुशार चेहऱ्याची. "या आत्याबाई," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. "आम्ही नाव ठरवलेलं नाही. सासूबाई म्हणाल्या, ते आत्या आणील." नाव? नावाचा तर त्यांनी विचारच केला नव्हता. खिडकीशी खुर्चीत सूर्यभान बसला होता, पांढरी टोपी, मांडीवर बाळ, हात इतके ताठ की जणू भरलेली घागर उतू जाईल. आणि स्वयंपाकघराच्या दारात, घुगऱ्यांचं पातेलं दोन्ही हातांत धरून, वच्छलाबाई उभ्या होत्या.

त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण खांदे तसेच रुंद, मनगटं तशीच जाड. विजयमालाबाईंना बघताच त्यांनी पातेलं खाली ठेवलं, हाताला धरून सरळ आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. झालं, विजयमालाबाईंनी मनाशी म्हटलं. पलंगावर बसायच्या आतच त्यांच्या तोंडून निघून गेलं. कितीतरी वर्षं तोंडात धरलेलं असल्यासारखं निघालं.

"वच्छलाबाई, मला ठाऊक होतं. ती पोरगी तुमची नव्हती. महारुद्रची होती. मला चाळीसचा आकडा पुरा करायचा होता म्हणून मी एकाचे दोन लिहिले. तुम्हाला नीट समजावूनसुद्धा सांगितलं नसेल. माझं चुकलं."

वच्छलाबाईंचं तोंड उघडं, भुवया वर. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अगं बया! तुमाला मालूम होतं?" त्या मटकन पलंगावर बसल्या. "आन् मी इतकी वर्सं समजायले की म्या नर्सबाईला फशिवलं! पोरीला बिस्किटाचा पुडा दिऊन आनलं हुतं म्या. म्हनलं, बाईच्या म्होरं तोंड उघडायचं न्हाई, उघडलंस तर पुडा काढून घीन. तुमी लिवायलात आन् माझं काळीज हे असं धडधडायलंय. पुढं तुमाला दोनदा बाजारात बगितलं तर म्या रस्ता बदलला. बँकेत बी पदर तोंडावर घेतला. म्हनलं, बाईनं वळखलं तर सरकार धरून नेतंय का काय मला!"

बाहेर पंकजा कुणाला तरी पाणी विचारत होती. "पण का?" विजयमालाबाई म्हणाल्या. "एवढं काय अडलं होतं?"

"सासू," वच्छलाबाई म्हणाल्या. "सासू म्हनली, तुमी तोडीला गेल्यावर एक लेकरू संभाळीन मी, दोन न्हाई. आता तुमीच सांगा. एक हाय तर त्यो गावात ऱ्हाईल, साळंत जाईल. दुसरं झालं की दोन्ही चालली आमच्यासंगं फडावर, कोपीत ऱ्हायला, उसाचं वाढं गोळा करायला. म्या दोन साल बगितली हुती तिथली लेकरं. पाटी न्हाई, पुस्तक न्हाई. मी काय शिकले न्हाई, बाई, पर येवढा हिशोब मला येत हुता. तुमी मला काय समजावनार? म्याच समजून आले हुते."

"रडलात म्हणे पुढं."

वच्छलाबाईंनी पदराच्या टोकाला पीळ घातला. "रडले की. एक डाव. शिवाला लय ताप भरला हुता, आमी तिकडं फडात, निरोप आला. त्या दिशी वाटलं, एकच हाय, हे बी गेलं तर? लय रडले. मंग त्यो बरा झाला. मंग न्हाई रडले." त्यांचा चेहरा एकाएकी पोरकट झाला. "पर पोरगी मला पायजे हुती बगा. खोटं कामून बोलू? नाव बी ठिवलं हुतं मनात. तुमी त्या दिशी इचारलं, हिचं नाव काय, तवा महारुद्रच्या पोरीचं नाव माझ्या तोंडाला आलंच न्हाई. त्येच आलं. त्रिवेनी. आन् तुमी लिवलं."

त्रिवेणी. शाईचा वास आला. रकान्यातलं ते अक्षर, आपल्या हातचा तो लांबट वळणाचा त्र, सगळं विजयमालाबाईंना एकदम दिसलं. तेहतीस-चौतीस वर्षं एका सरकारी कपाटात, मुलगी एक, नाव त्रिवेणी, वय सात. त्यांचे डोळे भरून आले. पुसायला त्यांनी इरकलाचा पदर उचलला, आणि वच्छलाबाईंनी तो हात धरून खाली केला.

"रडू नगा, बारसं हाय. म्हनून तर तुमाला बोलीवलं, नात झाली तशी भीती सोडून. शिवा म्हनला, आई, मला बहीनच न्हाई तर आत्या कुठून आनू? म्या म्हनलं, न्हाई कशी? सरकारच्या कागदावर हाय की तुला बहीन. जिनं लिवली तिलाच आन म्हनलं तिच्या जाग्यावर. आता तुमीच भरा ती जागा." आणि त्या मोठ्यानं हसल्या, तोंडातले उरलेले सगळे दात दाखवून, आणि विजयमालाबाईंनाही रडता रडता हसू फुटलं. इतकं, की बाहेरून पंकजानं दार ढकलून विचारलं, "काय झालं? सगळं ठीक ना?"

पाळणा हॉलच्या मधोमध टांगला होता, झेंडूच्या माळा लावून. पंकजानं बाळ आणून विजयमालाबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते घेतलं आणि विचार न करता डाव्या कमरेकडं सरकवलं. इतकं लहान बाळ कमरेवर घेत नाहीत हे आठवून पुन्हा वर उचललं. बारा दिवसांची मुलगी, केस काळेभोर, मुठी घट्ट मिटलेल्या, एवढ्या माणसांचं तिला काडीचं सोयरसुतक नव्हतं. पंकजाच्या कॉलेजातल्या मैत्रिणी सभोवती जमल्या. "आणखी एखादी करशील की नाही गं, हिला सोबत?" एकीनं विचारलं. "ते हिचा बाबा आणि मी ठरवू," पंकजा म्हणाली, "आणि कागदावर नाही वाढवायची." वच्छलाबाईंनी सुनेला सगळं आधीच सांगून टाकलेलं होतं तर. सगळ्या हसल्या, सूर्यभानसुद्धा, टोपी काढून डोकं पुसत.

विजयमालाबाईंनी बाळाला पाळण्यात निजवलं, कुंची सारखी केली आणि वाकल्या. कमरेतून वाकल्या, गुडघ्यांनी कुरकूर केली. बाळाच्या कानाला तेलाचा आणि दुधाचा वास होता, आधीच्या अकरांच्या कानाला होता तसाच. त्या क्षणभर तशाच थांबल्या, पाठीची वाट बघत. पाठीवर काहीच पडेना.

"अहो, बुक्क्या मारायला पोरंच नाहीत की कुणी," मैत्रिणींतली एक म्हणाली. सोफ्यावरच्या दोघांनी मोबाइलमधून डोकी वर काढली आणि परत खाली घातली.

"पोरं कशाला पायजेत? मी हाय की," वच्छलाबाईंचा आवाज आला आणि बांगड्या वर सरकवल्याचा किणकिणाट.

"कुर्र," विजयमालाबाई बाळाच्या कानात म्हणाल्या, "त्रिवेणी." आणि त्याच वेळी पाठीच्या मधोमध ती बुक्की बसली. लुटुपुटीची नव्हे, चांगली दणक्याची, पंचवीस हंगाम ऊस तोडलेल्या हाताची. पाळणा हलला, झेंडूची दोन फुलं खाली पडली, त्रिवेणीनं डोळे उघडले. विजयमालाबाई वाकलेल्याच राहिल्या. इतकी वर्षं जिला भीत होत्या ती हीच, आणि ती अशी बसते हे त्यांना कुठं ठाऊक होतं.

"वच्छलाबाई," त्या पाळण्यातूनच, मान वर न करता म्हणाल्या, "आणखी एक मारा."